बैलाच्या गळ्यात ससे

माझ्याकडे रेशमी टाय आहेत. एक-दोन नाहीत, चाळीसच्या आसपास. सगळे जुने, सगळे परदेशी, भारीपैकी, आणि सगळ्यांवर जनावरं. हत्ती, ससे, जिराफ, कासवं, बदकं. एकावर तर छत्री घेतलेले बेडूक आहेत. ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. आता लिहून टाकली, तर कान गरम झालेत.

टाय मी घालत नाही, हेही आताच सांगून मोकळा होतो. जालन्यात टाय घालून फिरणाऱ्या माणसाला लोक एक तर औषधं विकणारा समजतात, नाही तर बँडमधला. मी दोन्हीतला नाही. बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत बसतो. ओल्या कागदात कपाशीचं, सोयाबीनचं बी गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी कागद उलगडायचा आणि किती कोंब आले ते बघायचं. दिवसभर अंगात पांढरा कोट. त्या कोटाच्या आत गळ्यात काय आहे, याची सोयाबीनला काही पडलेली नसते.

सुरुवात एका पाहुण्यामुळे झाली. कंपनीत बाहेरून एक मोठे साहेब आले होते. वयस्कर, आणि चेहरा असा की मयतीला आलेत. उगवण कमी का आली, म्हणून ते आम्हाला सगळ्यांना झाडत होते. मी मान खाली घालून त्यांच्या टायकडे बघत होतो. गडद निळा टाय, वर पांढरे ठिपके. मला कागद दाखवायला ते वाकले, आणि ठिपक्यांचे हत्ती झाले. करंगळीच्या नखाएवढे हत्ती. एकामागे एक चाललेले, प्रत्येकानं पुढच्याची शेपटी सोंडेत धरलेली. आणि पार खाली, टोकाजवळ, एक हत्ती उलट्या तोंडाचा. वर साहेब तापले होते आणि खाली ही वरात निघाली होती. मला हसू फुटलं. ते दाबायला गेलो तर ठसका लागला. साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि पुन्हा झाडायला सुरुवात केली. मी त्या दिवसापासून कामातून गेलो.

मला ती कल्पनाच फार आवडली. लांबून माणूस भारदस्त दिसावा, आणि जवळ आलेल्यालाच कळावं की याच्या छातीवर हत्ती खेळतायत. माझं स्वतःचं काय, तर मी लांबूनही भारदस्त दिसत नाही आणि जवळ आलेल्यालाही काही कळू देत नाही.

पहिला टाय मला बाजारात सापडला. बाहेरदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून विकणारा एक जण रविवारी बसायचा. कोट, स्वेटर, लोकरीच्या टोप्या. टायला तिथं कोण विचारतं? तो टायचा उपयोग दोरीसारखा करायचा. स्वेटरच्या एका जुडीला त्यानं तपकिरी टाय बांधला होता, आणि त्याच्यावर ससे होते. मळलेले, पण ससे.

"हा केवढ्याला?" मी विचारलं.

"कोणता, लाल का गुलाबी?"

"स्वेटर नाही. दोरी."

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "दोरी सुटी नाही भेटत साहेब. स्वेटर घ्या, दोरी फुकट."

मी स्वेटर घेतला. घाईत वरचा उचलला. गुलाबी, बाईचा, बारीक अंगाच्या बाईचा.

टाय मी खिशात घालून घरी नेला आणि स्वेटर स्कूटीच्या डिक्कीत विसरलो. दुसऱ्या दिवशी बायको भाजीला निघाली, तिनं डिक्की उघडली.

"हा कुणाचा?"

"तुझ्यासाठीच घेतला."

तिनं तो स्वतःसमोर धरला. माझी बायको चांगली अंगानं भरलेली आहे. त्या स्वेटरमध्ये तिची एक बाही गेली असती. "माझ्यासाठी?" एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, बदलून आणतो. तो कधीच बदलून आला नाही, कारण गठ्ठ्यातला माल कुठं बदलून मिळतो? त्या वेळी मी खिशातून टाय काढून दाखवला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण काय सांगणार होतो? की मी दोरी घेतली? बायकोनं तो स्वेटर फेकला नाही. घडी घालून कपाटात अगदी डोळ्यांसमोर ठेवला. रोज सकाळी बनियन काढताना तो मला दिसायचा.

मग व्यसन लागलं. मोबाइलवर जुन्या चीजवस्तू विकणारी माणसं सापडली. पार्सल मी कंपनीच्या पत्त्यावर मागवायचो. हळूहळू नजर तयार झाली. चांगला रेशमी टाय मुठीत दाबला की कोऱ्या शालूसारखा कुरकुरतो. त्याचं कापड तिरकं कापलेलं असतं, म्हणून लटकवला की पीळ न खाता सरळ उभा राहतो. पाठीमागची लांब शिवण हाताची असते आणि तिच्या टोकाला थोडा धागा मोकळा सोडलेला असतो, टाय ताणला की शिवण सरकावी म्हणून. हे कळायच्या आधी सशांच्या टायचा तो धागा मी नेलकटरनं कापून टाकला होता. मला वाटलं, शिंपी विसरला. बिचारे ससे तेव्हापासून एका बाजूला कलंडून बसलेत.

एकीकडे हे चाललं होतं, आणि दुसरीकडे बायकोनं लग्नकार्याच्या दिवसांत कधी रेशमी साडीचा विषय काढला की मी म्हणायचो, "रेशीम काय रोज नेसायचं असतं का? दोनदा नेसणार आणि पेटीत पडणार." हे म्हणताना माझ्या तोंडावर सुरकुतीसुद्धा हलत नसे. ती म्हणायची, "बराबर आहे." तिचं ते "बराबर आहे" ऐकलं की दोन दिवस मला जेवण जात नसे. तिसऱ्या दिवशी पार्सल यायचं.

टाय लपवायला जागा लागते. गुंडाळी करून मिठाईच्या खोक्यांत ठेवायचे, कसर लागू नये म्हणून सोबत लवंगा. हिवाळ्यात ही खोकी कूलरच्या पोटात, कारण तेव्हा कूलर बंद. उन्हाळ्यात रजयांच्या पेटीत, कारण तेव्हा रजया बंद. माझे ससे आणि हत्ती ऋतूप्रमाणे मुक्काम हलवायचे. अडचण एकाच वेळी यायची. दसऱ्याच्या धुण्याला. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं बाहेर निघतं. पेट्या, कूलर, पडदे, गाद्यांच्या खोळी. त्या चार-सहा दिवसांत घरात सुई लपवायला जागा उरत नाही. दरवर्षी मी खोकी कंपनीत नेऊन बियाण्याच्या थैल्यांमागं ठेवायचो. गेल्या वर्षी कंपनीनंही साफसफाई काढली.

तेव्हा मला गावाकडची पोळ्याची पेटी आठवली.

आमचं गाव टेंभुर्णीच्या पुढं. वडिलांच्या मागं शेती थोरल्या भावानं केली. मी शिकलो, जालन्याला आलो. तो तिथंच राहिला, बैलांजवळ. बैलांचा सगळा साज एका पत्र्याच्या पेटीत असतो, झुली, गोंडे, घुंगूरमाळा, बाशिंगं. पोळ्याच्या दिवशी ती उघडते, दुसऱ्या दिवशी बंद होते, ती पुढच्या पोळ्यालाच. वर्षभर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मी म्हटलं, बँकेच्या लॉकरपेक्षा हे बरं. गहू आणायच्या निमित्तानं गेलो. दादा शेतात होता. झुलींच्या खाली टाय पसरले, लवंगा टाकल्या, पेटी लावली आणि गव्हाचं पोतं घेऊन परत आलो.

दिवाळीला काढून घेणार होतो. दिवाळीला गेलो तर पेटीसमोर छतापर्यंत सोयाबीनची पोती. भाव वाढेल म्हणून दादानं माल ठेवला होता. भाव काही वाढला नाही आणि पोती काही हलली नाहीत. "दादा, जरा पेटी काढून दे," असं म्हणायला कारण लागतं. ते मला कधी सुचलं नाही. मग मी स्वतःची समजूत घातली, माल सुखरूप आहे, घाई काय?

आता जे सांगायचं होतं ते. दादा मला दरवर्षी पोळ्याला बोलवायचा आणि मी दरवर्षी "बघतो" म्हणायचो. आमच्या घरात "बघतो" म्हणजे नाही. जालन्याला आल्यापासून मी एकाही पोळ्याला गेलो नव्हतो. कारण मोठं काही नव्हतं. बैलांच्या मागं चालताना ओळखीपाळखीचे लोक भेटतात, विचारतात, काय करतो, साहेब झालास का. मला उत्तर द्यायचा कंटाळा. बस, एवढंच. यंदा दादाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"या साली तरी ये लेका. पाय चालून न्हाई राह्यले माझे. पोरगं कंपनीत लागलं, ते काय आता बैलामागं येतंय? दिवाळी झाली की जोडी देऊन टाकीन म्हणतो. हा शेवटचा पोळा आपल्या घरचा."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघतो दादा. सँपल आलेत."

तो म्हणाला, "बरं."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पुन्हा फोन. या खेपेला आवाज असा की शेजारच्या टेबलावर ऐकू जावा.

"अरे, पोती सरकवून पेटी उघडली मी! काहून बोलला न्हाईस रे? एवढा साज आणून ठेवून गेलास, तोंडातून शब्द न्हाई काढला!"

मी खोलीच्या बाहेर गेलो. "कोणता साज?"

"आता लपवू नको. रेशमी पट्टे! जुने गोंडे सगळे उंदरानं खाल्ले होते बघ, पण तुझ्या एका पट्ट्याला दात न्हाई लावला. तुझी वहिनी म्हणती, भाऊजींनी लवंगा टाकल्यात. किती ध्यान ठेवून केलंस! मी भोकरदनला जाणार होतो साज आणायला. म्हटलं, आता कशाला?"

माझ्या डोळ्यांसमोर चिखल, शेण, शिंगांचा ओला रंग, आणि त्यात माझे बेडूक. "दादा," मी म्हणालो, "मी येतो. उद्या सकाळीच येतो. तोवर काही बांधू नको."

मग तो म्हणाला, "मला म्हाईतच होतं. जो साज आणून ठेवतो, तो येतोच."

त्याला वाटलं, भाऊ बैलांसाठी येतोय. शेवटच्या पोळ्यासाठी येतोय.

घरी सांगितलं तर बायको बघतच राहिली. "पोळ्याला? तुम्ही? आणि सँपल?" मग म्हणाली, "मी पण येते." निघताना तिनं पिशवीत तो गुलाबी स्वेटर टाकला. "जाऊबाईंना होतो का बघते. त्या बारीक आहेत. इथं तर कुणाच्या कामाचा नाही तो." जाफराबादच्या एसटीत मी खिडकीला बसलो होतो, ती पिशवी मांडीवर घेऊन. टेंभुर्णीपर्यंत आम्ही दोघंही सोयाबीन बघत गेलो.

अंगणात पोचलो तर उशीर झाला होता. दादानं माझं ऐकलं नव्हतं, किंवा त्याला "बांधू नको" हा लहान भावाचा संकोच वाटला असेल. ढवळ्याच्या गळ्यात ससे होते. तांबड्याच्या गळ्यात दोन टाय एकमेकांना जोडून बांधलेले, अर्ध्या गळ्यात जिराफ आणि अर्ध्या गळ्यात बदकं. बाकीचे बाजेवर धुतलेल्या धोतरावर ओळीनं मांडले होते. आणि शेजारचे एक म्हातारे काका, ज्यांची जीभ माझ्या लहानपणापासून तशीच तिखट आहे, त्यांना दादा एकेक उचलून दाखवत होता.

"धाकट्यानं आणलेत. असं लांबून न्हाई कळत काका, जवळ या. बारीक बारीक जनावरं हायेत. हे हत्ती बघा. सगळे इकडं चाललेत आन् हा एक येडा उलटा निघालाय."

मी जागीच थांबलो. तसला हत्तींचा टाय मी दोन वर्षं शोधून मिळवला होता. तो उलटा हत्ती मला कुणाला तरी दाखवायचा होता, कधीपासून. आणि दादानं तो स्वतःच शोधून काढला होता, चष्मा न लावता.

"बैल आज हापिसात चाललेत जणू," काका म्हणाले. "डबा दिला का बांधून?"

बायको बाजेजवळ गेली. तिनं एक टाय दोन बोटांत धरून चोळला. बाईला रेशीम सांगावं लागत नाही. तिनं पाठीमागची शिवण बघितली, कापडावरचं परदेशी लेबल बघितलं, सगळ्या ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि मग माझ्याकडे आली.

"हे पार्सलमधून यायचं?"

कंपनीतली पार्सलं तिला माहीत होती, हे मला तेव्हा कळलं.

"हो."

"आणि तो स्वेटर?"

मी ढवळ्याच्या गळ्याकडे बोट केलं. "ते ससे आहेत ना, ते त्या स्वेटरला बांधलेले होते. मला ससे हवे होते."

ती बराच वेळ सशांकडे बघत होती. ढवळा रवंथ करत होता, त्यामुळे ससे वरखाली होत होते. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "बाई असती तर परवडली असती हो. चार बायकांत बसून रडता तरी आलं असतं. आता काय सांगू? नवरा जिराफ जमवतो?"

एवढ्यात दादानं कासवांचा टाय उचलला. राखी रंगावर हिरवी कासवं, माझ्या सगळ्या संग्रहात जुना, आणि एकही डाग नसलेला. तांबड्याच्या शिंगांना नुकताच लाल ऑइलपेंट दिला होता, तो चकाकत होता. दादा म्हणाला, "हा शिंगाला गुंडाळतो, वर झेंड्यावानी दिसंल," आणि त्यानं टायचं टोक शिंगाकडे नेलं.

"दादा, तो नको!"

मी ओरडलो. बैल बिचकला. दादानं हात थांबवला.

"काहून?"

"रंग लागेल. तो... तो फार जुना आहे. शिंगाला नको."

"मंग गळ्यात बांधू?"

"गळ्यातपण नको. दादा, ते बैलांसाठी नाहीत आणलेले."

मी हे खरेपणानं सांगितलं असं कुणाला वाटेल. तसं नाही. मला कासवं वाचवायची होती. ती नसती, तर मी गप्प बसून सगळं श्रेय घेतलं असतं, पुरणपोळी खाल्ली असती आणि परत आलो असतो.

"बैलांसाठी न्हाई," दादा म्हणाला. "मंग कोणासाठी? तू घालतोस?"

"नाही."

"मंग करतोस काय यांचं?"

"ठेवतो."

"ठेवून?"

"बघतो."

काका खोकले. दादानं कासवांचा टाय हातात तसाच धरला होता. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग तू आज आलास कशाला?"

"हे न्यायला," मी म्हणालो.

एका माणसाच्या चेहऱ्यावरून उजेड कसा जातो, ते मी बघितलं. त्यानं हात धोतराला पुसले. मग तो ढवळ्याजवळ गेला आणि त्यानं सशांची गाठ सोडली, नखांनी, सांभाळून, कापड ओढू न देता. मग जिराफ, मग बदकं. बाजेवरचेही गोळा करून सगळे त्यानं सुपात ठेवले आणि सूप आणून माझ्यापुढं केलं. "घे. तुझी चीज हाय. मला काय म्हाईत. मी आपलं बैलाला बांधली. काही खराब झालं असंल तर सांग."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मारुतीच्या पाराकडे हलगी सुरू झाली. गल्लीतून एकेक जोडी जायला लागली. कुणाच्या पाठीवर आरशांची झूल, कुणाच्या कपाळावर बाशिंग. आमच्या अंगणात दोन बैल शिंगं रंगवून उघड्या गळ्यानं उभे. झुली विरल्या होत्या, गोंडे उंदरांनी नेले होते, आणि भोकरदनचा बाजार माझ्यामुळे हुकला होता. दादानं दोघांची दावी हातात घेतली. "चला, असेच नेतो. धुतलेला बैल बिलकुल वाईट न्हाई दिसत." आणि तो निघाला, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पाऊल टेकवत.

माझी बायको थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही आणि त्याच्याशी थेट बोलतही नाही. जे सांगायचं ते मला सांगते आणि ऐकायचं त्यानं. ती चांगल्या मोठ्या आवाजात मला म्हणाली, "अहो, रेशीम पेटीत पडून राहण्यापेक्षा बरं. बांधा."

माझंच वाक्य होतं, तिनं वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं, स्वेटरच्याच शेजारी बहुतेक.

मी ससे उचलले. ढवळ्यापुढं गुडघ्यावर बसलो.

"राहू दे," दादा म्हणाला. "महाग असतील."

"असू दे."

"रंग लागंल."

"लागू दे."

"ओढाताणीत फाटंल. मंग जालन्याला जाऊन रडशील."

"दादा, ढवळ्याची मान धर. हालून राह्यलाय."

मी असं कसं बोललो, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत माझ्या तोंडात "राह्यलाय" आलं नव्हतं. दादानं मान धरली. आणि गंमत अशी की, टायची गाठ मला येत नाही. चाळीस टाय जमवले, एकही बांधता येत नाही. पण दावं बांधायची गाठ हात विसरले नव्हते. ढवळ्याला ससे आणि बेडूक, तांबड्याला जिराफ आणि बदकं, शिंगांच्या मुळाशी हत्ती, बाकीचे सगळे दाव्यांना आणि पाठीवर, गोंड्यांसारखे. बायको टाय उचलून देत होती आणि मी बांधत होतो. हत्तींना लगेच लाल रंग लागला. उलट्या तोंडाचा हत्ती तर पूर्ण बुडाला. ढवळ्यानं मान वळवून एका बेडकाची छत्री चघळायला घेतली. मी ओढायला गेलो नाही.

सुपात कासवं उरली. मी ती तांबड्याच्या शिंगाकडे न्यायला लागलो तर दादानं माझ्या हातातून ती काढून घेतली.

"ही न्हाई. ही तुझ्या जिवाची ना? मंग तू घाल."

"मला बांधता येत नाही."

वाक्य संपेपर्यंत काका हसायला लागले होते. दादा हसला नाही. त्यानं माझ्या गळ्याभोवती टाय टाकला, हनुवटी वर केली, आणि बैलाला बांधतात तीच गाठ मारली. त्याच्या बोटांना रंगाचा, शेणाचा आणि हळदीचा वास येत होता. कासवांवर लाल अंगठा उमटला. तो अजून आहे.

मग आम्ही निघालो. पुढं दादा, त्याच्या दोन्ही हातांत दावी, मागं दोन बैल, आणि त्यांच्या बरोबरीनं मी, बुशशर्टावर रेशमी टाय घालून. आयुष्यात पहिल्यांदा टाय घालून चारचौघांत चाललो, तो असा. बायका ओट्यावरून बघत होत्या. जवळ आलेले लोक वाकून जनावरं मोजत होते. मला वाटलं होतं, शरमेनं मेल्यासारखं होईल. तसं झालं खरं, पण मेल्यावर फारसा त्रास होत नाही.

पाराजवळ काका पुढं जाऊन उभे राहिलेच होते. त्यांनी ढवळ्याकडे बघितलं, तांबड्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते दादाला म्हणाले, "काय रे, तुझी तर जोडी होती. हा तिसरा कोणाचा?"

दादानं मागं वळूनही बघितलं नाही. हातातली दावी सावरली आणि म्हणाला,

"घरचाच हाय काका. सुटून गेल्ता."

मी हंबरलो नाही, एवढंच.